तोतारामचं कोणी खाईना

तर बैल टेबलावर उभा होता, इथपर्यंत काल आलो होतो. तेवढ्यात तुम्हाला घरून जेवायचा फोन आला आणि बैल तसाच राहिला. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, हा बैल केकवरचा. आतून मुरमुऱ्यांचा, वरून साखरेचं कातडं, उंची वीतभर. केला होता आमच्या तोतारामनं. वरणगावात माझ्या घरापासून चौथं घर त्याचं. आणि सांगितला होता नवलभाऊंनी, कारण त्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस नेमका पोळ्याला आला होता.

नवलभाऊंच्या घरच्या कोकिळावहिनी गोठ्यातल्या दोन बैलांना ओवाळून आत आल्या. हातात ताट होतंच, निरांजनही तेवत होतं. समोर तिसरा बैल दिसला, तर त्यालाही ओवाळलं. कुंकू लावलं. पुरणपोळीचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला. इथपर्यंत कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मग नवलभाऊंनी सुरी उचलली आणि ती बैलाच्या मानेपाशी येऊन थांबली.

"कापू कुठून?" नवलभाऊ म्हणाले.

"मानेवरून नको," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग शेपटाकडून?"

"शेपटाकडून तर मुळीच नको."

कोकिळावहिनींनी सुरीच काढून घेतली. "काल संध्याकाळी ज्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, त्याच खांद्यावर आज सुरी धरता? तेही नातवाच्या वाढदिवसाला?"

"अगं, तो मुरमुऱ्यांचा आहे."

"मग काय झालं? गणपती मातीचा असतो."

मग काय, बैल दोन्ही हातांनी अलगद उचलून देवघरात ठेवला आणि खालचा केक सगळ्यांनी खाल्ला. अकराव्या दिवशी बैलाला मुंग्या लागल्या तेव्हा त्याच्यावर गुलाल टाकून, डोक्यावर घेऊन तापीला नेला आणि पाण्यात सोडला. मी होतो त्या मिरवणुकीत. बैलाचं विसर्जन माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

पण मला सांगायचंय ते तोतारामचं. तो पोळ्याच्या दिवशी भिंतीला पाठ लावून, हात बांधून उभा होता. लोकांना वाटलं, पंगतीची वाट बघतोय. दोनदा त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. घरी परतताना मला म्हणाला, "आबा, हेही गेलं."

"काय गेलं? सगळे किती खूश होते."

"खूश व्हते. खाल्लं कोणी नाही."

आता हा माणूस कोण ते नीट ऐका. तोताराम वरणगावच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं तपासनीस होता. काडतुसं तपासायचा. हातात गेज घ्यायचं, माल त्यातून सरकला तर पास, अडकला तर बाजूला. हेच काम, दिवसाला आठ तास. अशा माणसाची नजर घरी आली म्हणून सुटत नाही. मुलासाठी स्थळं बघायला जायचा तर मुलगी बाहेर यायच्या आधी हा दाराची चौकट ओळंब्यात आहे का ते बघायचा. रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने त्यानं स्वतःचं घर तपासलं आणि स्वयंपाकघरातली फळी दोन सूत कलती आहे असं जाहीर केलं. त्या फळीवर एकवीस वर्षं डबे सुखानं नांदत होते. तिसऱ्या महिन्यात त्याची बायको यशोदाबाई सुनेला म्हणाली, "दिपमाला, यांना काहीतरी काम दे व माय. काल माझी भाकरी रिजेक्ट केली."

दिपमाला घरूनच केक करते. जळगावला जाऊन पंधरा दिवसांचा क्लास केला तिनं, आणि बाकी सगळं मोबाईलवर बघून शिकली. त्या दिवशी ती कुठल्याशा परदेशी बाईचा व्हिडिओ बघत होती. ती बाई तांदळाचे फुललेले दाणे वितळलेल्या मिठाईत कालवून त्यांचा हत्ती करत होती. तोतारामनं सुनेच्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "हा तर मुरमुऱ्यांचा लाडू. फक्त सोंड काढली."

झालं. दुसऱ्या दिवशी यानं गुळाचा पाक केला, त्यात मुरमुरे टाकले आणि एक घुबड केलं. चव बघायला मला बोलावलं. मी घुबडाचा पंख चावला. माझी खालची कवळी त्या पंखात राहिली आणि पंख घुबडातच राहिला. पाना आणून काढावी लागली. तेव्हा दिपमालेनं समजावलं की बाबा, गूळ दगड होतो, यासाठी मार्शमेलो लागतात. मार्शमेलो म्हणजे कापसाच्या बोंडासारखी पांढरी, दाबली की दबणारी आणि सोडली की फुगणारी मिठाई. जळगावच्या दुकानात मिळते. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्यायची, कारण काहींत आपण खात नाही असलं काही असतं. लोण्यात ती वितळवायची, मुरमुरे कालवायचे, हाताला तेल लावून दाबून दाबून आकार द्यायचा. सुकला की सुरीनं कोरायचा. आणि वरून फॉन्डंट, म्हणजे साखरेची कणीक, पोळीसारखी लाटून अंगावर पांघरायची. मग तिच्यातूनच नाक, डोळे, सुरकुत्या काढायच्या. मोठी वस्तू असेल तर आत आधार लागतो. बाकीचे लोक त्याला काड्या घालतात. तोताराम ठिबकची नळी घालायचा. धुऊन, वर प्लास्टिक गुंडाळून. म्हणायचा, जळगाव जिल्ह्यात ज्या वस्तूच्या आत ठिबकची नळी नाही ती उभीच राहू शकत नाही.

वर्षभरात हात असा बसला की काय सांगू. आणि तिथेच घोटाळा झाला. वस्तू इतकी हुबेहूब व्हायची की कोणी खायचंच नाही. खालचा केक खायचे, वरची वस्तू काचेच्या कपाटात. एकदा ओट्यावर बसलो असताना मी त्याला म्हटलं, "तुला मिळायचं ते नाव मिळतंय. खाल्लं न खाल्लं, तुझं काय जातं?"

त्यानं आधी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाला, "आबा, पस्तीस वर्षं माल हातातून गेला. पेटीत बसला, पेटी गाडीत बसली, गाडी फाटकाबाहेर गेली. पुढे त्याचं काय झालं ते मले एकदाही दिसलं नाही. दिसू नये असाच तो माल, ते मले कळते. पण आता हे हात जे करतात ते संपलेलं मले बघायचं हाये. माझ्या डोळ्यासमोर. एकानं तरी खावं, बोटं चाटावी. बस."

एवढंच मागणं होतं त्या माणसाचं, आणि तेवढंच होत नव्हतं.

रावेरच्या अभिमननं नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा केकवर ट्रॅक्टर सांगितला. तोतारामला वाटलं, लोखंडाच्या वस्तूला कोण हात जोडणार? पण नवी गाडी ती नवी गाडी. तिच्यासमोर नारळ फुटला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर स्वस्तिक निघालं, आणि अभिमनची आई म्हणाली, पहिल्याच दिवशी गाडीला सुरी लावू नका. ट्रॅक्टर कपाटात गेला. पावसाळ्यात दमट हवेनं तो चिकट व्हायला लागला तशी अभिमन तो ताटात घालून तोतारामकडे घेऊन आला. "दादा, सर्व्हिसिंगला आणलाय." यशोदाबाई दारातच म्हणाली, "इंजिन ऑइल तुझ्या घरचं का आमचं?"

मग दिपमालेनं चिठ्ठी लिहायला सुरुवात केली. 'हे खायचे आहे.' सुवाच्य अक्षरात, वस्तूच्या पायाशी टोचून. लोकांनी चिठ्ठीसकट फोटो काढले.

तोताराम आता हट्टाला पेटला. एका सकाळी बायकोला म्हणाला, "मले अशी वस्तू सांग, जिची पूजा कोणी करत नाही." यशोदाबाई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "वांगं."

थंडीचे दिवस होते. आमच्या गावचा वना, त्याच्या शेतात भरताची पार्टी होती, त्याची मुलगी मयुरी शिक्षिका म्हणून नोकरीला लागली म्हणून. तोतारामनं केकवर पाच वांगी केली. आपली भरताची, हिरवी, मोठी. देठाला काटे काढले. एका वांग्याला किडीचं भोकसुद्धा पाडलं, आणि भोकाभोवती थोडा तपकिरी रंग दिला. मी पाहिली तेव्हा मलाच वाटलं, हे वांगं बाजूला काढायला पाहिजे. केक लिंबाच्या सावलीत ठेवला. शेजारी खऱ्या वांग्यांच्या टोपल्या. आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आचाऱ्यानं कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, टोपल्या रिकाम्या केल्या आणि जाता जाता केकवरची पाचही उचलली. त्याला वाटलं, केक झाकायला कोणीतरी वांगी ठेवलीत. का ठेवली असतील, हा विचार आचारी करत नाही.

थोड्या वेळानं जाळातून दिवाळीचा वास यायला लागला. एक वांगं फुगलं, मग वितळलं, मग निळ्या ज्वाळेनं पेटलं.

"या वांग्याला पाक सुटला," आचारी म्हणाला.

लोक जमा झाले. वना खाली वाकून बघत होता. "नवीन बियाणं असंल. मागच्या वर्षी माझ्या टमाट्याला असंच झालं होतं."

"टमाटं पेटलं होतं?"

"पेटलं नव्हतं. पण चव गेली होती."

तोताराम धावत आला तोवर राखेत पाच काळे गोळे उरले होते. मी त्याची समजूत घालायला म्हटलं, "संपलं तर खरं ना तुझ्या डोळ्यासमोर?" तो म्हणाला, "जळलं, आबा. संपणं वेगळं." आणि त्या दिवशी भरीत न खाता घरी गेला. वरणगावचा माणूस भरीत सोडून गेला, यावरून काय ते समजा.

दोन महिने त्यानं हात लावला नाही कशाला. मग रावेरहून हितेंद्रचा फोन आला. हितेंद्र म्हणजे जीवरामनानांचा मुलगा. नानांची केळीची बाग मोठी, तोंड त्याहून मोठं, मन सगळ्यात मोठं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मी त्यांना नानाच म्हणतो. मे महिन्यात त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. हितेंद्र म्हणाला, केकवर नानांचा अर्धपुतळा पाहिजे. खराखुरा, तेवढ्याच मापाचा. छातीपर्यंत.

"माणूस?" तोताराम म्हणाला. "बैल कोणी कापला नाही, माणूस कोण कापीन?"

"मी कापीन, काका. शब्द देतो."

शब्द दिला म्हणून तोताराम तयार झाला. रावेरला जाऊन त्यानं नानांना खाटेवर बसवलं आणि कॅलिपरनं त्यांचं नाक मोजलं. नाना म्हणाले, "आतापर्यंत माझं माप फक्त शिंप्यानं घेतलं. तो इतका वर कधी आला नव्हता."

बारा दिवस लागले. वाढदिवसाच्या सकाळी पुतळा रावेरला निघाला, एसी लावलेल्या गाडीत, पुढच्या सीटवर, पट्टा बांधून. मागे मी आणि तोताराम. अंगावर साखरेची पांढरी बंडी, डोक्यावर टोपी, मिशी काळीभोर, आणि डोळ्यांत नानांचा तो समोरच्याला अर्धवट मूर्ख समजणारा भाव. रस्त्यात एका हवालदारानं गाडी थांबवली, काच खाली घ्यायला लावली, आत वाकला आणि पुतळ्याला म्हणाला, "बाबा, काच वर घ्या, ऊन लई आहे." नानांनी काही उत्तर दिलं नाही. हवालदारानं जाऊ दिलं.

रावेरात त्या दिवशी चव्वेचाळीस डिग्री. कार्यक्रम संध्याकाळी सहाला. नानांच्या दिवाणखान्यात एसी होता, तिथे टेबलावर पुतळा ठेवला. खालचा केक दिपमाला संध्याकाळी ताजा घेऊन येणार होती. आणि आता एकेक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण प्रत्येक गोष्टीला कारण होतं. सत्कारासाठी गुलाबाचा हार आला होता. तो चेंगरू नये म्हणून कोणीतरी पुतळ्याच्या गळ्यात अडकवून ठेवला. संध्याकाळी नानांना पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं होतं. त्यातले वाती भिजवलेले दोन दिवे नीट जळतात का ते बघायला सुनंदाबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, समोर लावून ठेवले. साखरेवर माश्या येऊ नयेत म्हणून खुद्द तोतारामनं उदबत्त्या लावल्या. आणि खाली सतरंजीवर पाच-सहा बायका गप्प बसल्या होत्या, कारण तोतारामनं सांगितलं होतं की बोललं की तोंडाची वाफ सुटते आणि साखरेला घाम येतो.

नाना सकाळीच स्कूटरवर सलूनमध्ये गेले होते, दाढी आणि मिशीला कलप करायला. हितेंद्र पाहुण्यांना आणायला भुसावळ स्टेशनवर. मी आणि तोताराम मागच्या अंगणात आचाऱ्यापाशी चहा घेत होतो.

अशा वेळी अकराच्या सुमाराला धुळ्याहून सुकदेव आले. नानांचे कापसाच्या धंद्यातले चाळीस वर्षांचे मित्र. उन्हाच्या आधी पोहोचावं म्हणून पहाटेच्या गाडीनं निघाले होते. दार ढकललं, थंड हवेचा झोत अंगावर आला, आणि समोर नाना. गळ्यात हार, पुढे दिवे, उदबत्तीचा धूर, खाली गप्प बायका.

सुकदेवांनी टोपी काढली. सतरंजीवर बसले. आणि रडायला लागले. "नाना, परवादिन ते फोनवर बोलना तू. सांगाबिगर कसा गया रे?"

तो आवाज ऐकून सुनंदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी काय पाहिलं? रस्त्यानं आलेला माणूस दारातच बसून रडतोय. आणि नाना दोन तास झाले तरी सलूनमधून परतले नाहीत. त्यांना वाटलं, सुकदेवभाऊ रस्त्यात काहीतरी बघून आले.

"कसं झालं हो भाऊ?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, तेच मी तुले इचारी ऱ्हायनू," सुकदेव म्हणाले आणि आणखी जोरात रडले.

सुनंदाबाई मटकन खाली बसल्या. त्या बसल्या तशा बायका रडल्या. त्या बायकांना पुतळा माहीत होता, सकाळपासून त्याच्यासमोरच बसल्या होत्या. पण घरधनीण रडते म्हटल्यावर विचारायचं कोणाला? आम्ही मागून धावत आलो. मी काय केलं म्हणाल, तर टोपी काढली. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की आपण चहा पीत होतो तेवढ्यात काहीतरी झालं असावं. एकटा तोताराम शुद्धीवर होता. तो हुंदक्यांमधून वाट काढत पुतळ्याकडे गेला, कपाळाला बोट लावलं आणि म्हणाला, "दार लावा हो. नानाले घाम सुटून राहिला." त्यावर सगळे दुप्पट रडले.

अर्ध्या तासात गल्ली भरली. मांडव वाढदिवसाचा तयारच होता, खुर्च्याही होत्या. कोणीतरी जाणत्या माणसानं फुगे काढले. 'हॅपी बर्थडे' लिहिलेली पट्टी उंच होती, ती राहिली. आचाऱ्यानं रिवाजाप्रमाणे शेगड्या विझवल्या, दुःखाच्या घरी चूल कशी पेटती ठेवायची? पुऱ्यांची मळलेली कणीक शेजारच्या गाईंना घातली आणि भांडी घेऊन निघून गेला. पांढऱ्या टोप्या ओळीनं बसल्या. तेराव्याच्या जेवणाला आमच्याकडे गंधमुक्ती म्हणतात. "गंधमुक्ती कोणत्या तारखेला धरायची?" अशी चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, रविवार धरा, नोकरीवाल्यांना बरं पडतं.

आणि नाना आले.

उन्हामुळे डोक्याला आणि तोंडाला ओला रुमाल गुंडाळलेला. दारात एवढ्या टोप्या बघून त्यांनी स्कूटर लांबच लावली, चपला काढल्या आणि रिवाजाप्रमाणे गपचूप शेवटच्या खुर्चीवर बसले. शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"जीवरामनाना."

"कोणते?"

"आपले. केळीवाले."

नानांनी तोंडावरचा रुमाल जरा आवळला. "कशानं?"

"सलूनमध्ये म्हणे. खुर्चीत बसल्या बसल्या."

"हं. त्या खुर्चीत मलाही आज गरगरलं." मग पुन्हा विचारलं, "माणूस कसा होता?"

"चांगला होता. तोंडाचा फटकळ."

"फटकळ तुझा बाप," नाना म्हणाले आणि रुमाल काढला.

तो शेजारी खुर्चीसकट मागे पडला. नाना तसेच आत गेले. मांडव त्यांच्या मागोमाग आत आला. सुकदेवांनी वर पाहिलं, मग पुतळ्याकडे पाहिलं, मग परत वर.

"जित्ता शे का तू?"

"आतापर्यंत तरी," नाना म्हणाले. "हा कोण?"

"हा नाना."

"आणि मी?"

कलप ताजा, दाढी गुळगुळीत, नाना जरा परकेच दिसत होते. कोपऱ्यात त्यांची थोरली बहीण बसली होती, नव्वदीची अक्का. तिनं डोळ्यांवर हात धरून दोघांकडे नीट पाहिलं आणि पुतळ्याकडे बोट केलं. "हा खरा. याची मान ताठ आहे."

नानांच्या आयुष्यात एवढा अपमान कोणी केला नव्हता. ते टेबलापाशी गेले, स्वतःच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहिले आणि उजव्या हातानं पुतळ्याचा कान धरून पिळला. कटकन आवाज झाला. कान हातात आला. भिंतीपाशी उभ्या तोतारामच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. नानांनी कान उलटापालटा करून पाहिला, वास घेतला आणि खाल्ला.

सत्तर-ऐंशी माणसं बघत होती. कुरुम-कुरुम आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता.

"चांगला आहे की," नाना म्हणाले. "मुरमुरे ताजे आहेत."

सुनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. नानांना साखरेचा आजार, घरात साखरेचा डबा कुलपात. त्या म्हणाल्या, "खा. आज मी काही म्हणत नाही."

सुकदेव उठून नानांच्या गळ्यात पडले, आणि तिथेच म्हणाले, "नाना, पहाटपाइन पोटमा काही नही. भूक लागनी." मग सगळ्यांनाच आठवलं की भूक लागली आहे. हितेंद्र तेवढ्यात स्टेशनवरून भुकेले बारा पाहुणे घेऊन दारात उभा राहिला. चूल विझलेली, आचारी गेलेला, पुऱ्या गाईंच्या पोटात. हितेंद्रनं विचारलं, "आता एवढ्या लोकांना द्यायचं काय?"

नाना म्हणाले, "माणसं माझ्यासाठी आलीत. उपाशी कशी जातील? मी आहे ना."

आणि त्यांनी स्वतः सुरी घेतली. आधी टोपी कापून सुकदेवांच्या हातावर ठेवली. "माझ्यासाठी टोपी काढलीस ना, तिचा मान ही टोपी." पुतण्या ललित पुढे घुसला. "काका, दुसरा कान मला. लहानपणी माझे लई पिळले तुम्ही."

"घे. नीट चाव."

सुनंदाबाई म्हणाल्या, "नाक माझं. पन्नास वर्षं या नाकावर यांनी माशी बसू दिली नाही."

"अर्धंच घ्या, वहिनी," कोणीतरी म्हणालं, "दोन माणसांचं आहे ते."

अक्कानं मिशी मागितली. लहानपणी ती याला रात्रंदिवस कडेवर घेऊन फिरली तेव्हा मिशी नव्हती, म्हणाली, बघू तरी कशी आहे. कवळीवाल्यांना नानांनी गालाचा मऊ भाग दिला. ज्यानं त्यांना फटकळ म्हटलं होतं, त्याला बोलावून जीभ दिली. तोतारामनं तोंडाच्या आत जीभसुद्धा केली होती, जी कोणाला दिसणार नव्हती. खांदे पाहुण्यांना गेले. छातीचा भाग मांडवात फिरला. बंडीची बटणं पोरींनी वेचून खाल्ली. नाना मधेच ओरडत होते, "माझा तुकडा कोणी टाकू नका रे, उष्टं टाकाल तर याद राखा."

मी तोतारामकडे बघत होतो. तो भिंतीपाशी हात बांधून उभा होता, नेहमीसारखाच, पण डोळे एका जागी ठरत नव्हते. या तोंडावरून त्या तोंडावर. एक बाई बोटं चाटत होती, तिच्याकडे तो इतका वेळ बघत राहिला की तिनं तोंड फिरवलं. ललित कान संपवून परत आला आणि मानेचा तुकडा मागायला लागला, तेव्हा तोतारामनं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा कोरडाच होता.

हनुवटीचा एक तुकडा शिल्लक होता. मी तो द्रोणात घेऊन त्याच्यापाशी गेलो. म्हटलं, "तोताराम, एवढं केलंस, घे, तूही खा." त्यानं द्रोण हातात घेतला, तुकडा उजेडाकडे धरून पाहिला, आणि द्रोण परत माझ्या हातात दिला. मग जे बोलला ते जसंच्या तसं सांगतो:

"मले मुरमुरे आवडत नाहीत, आबा. लहानपणापासून घशाले टोचतात. तुम्ही खा, मी बघतो."